बाटली क्रमांक ५३-एन : प्लेगची लस देणाऱ्या हाफकिन यांना धनुर्वातानं कसं गाठलं? गरोदरपणातल्या टीडीशी त्याचा काय संबंध?

परभणी : जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत डोकावलं तर एक दृश्य हमखास दिसतं. दारात चपलांचा ढीग, आत रडणारी पोरं, आशाताईंच्या हातात वही आणि भिंतीशी टेकून बसलेली एखादी पहिलटकरीण. सिस्टर तिच्या दंडात अर्ध्या मिलिलिटरचं इंजेक्शन देतात. गावात त्याला अजूनही टीटी म्हणतात. सरकारी कागदावर आता त्याचं नाव टीडी आहे. आजार मात्र तोच, धनुर्वात.

सोबत आलेल्या सासूबाईंच्या मनात दोन प्रश्न असतात. सुनेला कुठं खिळा रुतला नाही, पत्रा लागला नाही, मग धनुर्वाताची सुई कशाला? आणि दुसरा, जरा हळू आवाजातला : पोटातल्या बाळाला काही होणार तर नाही ना?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं समजून घ्यायला एका माणसाचं आयुष्य उपयोगी पडतं. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे. त्यांनी कॉलरा आणि प्लेग या दोन आजारांवर लस तयार केली. पण त्यांची कारकीर्द मोडली ती तिसऱ्याच आजारानं, धनुर्वातानं. हे नाव आहे वाल्देमार हाफकिन. सोप्या भाषेत समजून घेऊ.

कोण होते हाफकिन?

वाल्देमार मोर्देकाय हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा शहरात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. कुटुंब ज्यू. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. तिथं त्यांचे गुरू होते इल्या मेचनिकोव. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना कशा गिळतात हे शोधणारे आणि पुढे नोबेल मिळवणारे हेच ते शास्त्रज्ञ.

त्या काळात रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ले होत होते. आपल्या लोकांच्या बचावासाठी उभे राहिलेल्या तरुणांमध्ये हाफकिनही होते. ते जखमी झाले, अटकही झाली. मेचनिकोव यांनी खटपट करून त्यांना सोडवलं. शिक्षण पूर्ण झालं, पण ज्यू असल्यामुळं प्राध्यापकीचं दार बंद होतं. धर्म बदलला असता तर ते उघडलं असतं. हाफकिन यांनी नकार दिला आणि प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाच्या नोकरीवर भागवलं.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिस. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांच्यासाठी जागा होती ती ग्रंथालयातली. दिवसा पुस्तकांचं काम आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा, असा त्यांचा क्रम होता. एक गोष्ट इथं लक्षात ठेवायला हवी. हाफकिन डॉक्टर नव्हते, ते प्राणिशास्त्रज्ञ होते. पुढे हाच मुद्दा त्यांच्या विरोधात गेला.

लस आधी स्वतःला टोचली

पॅरिसमध्ये त्यांनी कॉलऱ्यावर लस तयार केली. १८ जुलै १८९२ रोजी तिचा पहिला डोस त्यांनी स्वतःलाच घेतला. ताप आला, अंग दुखलं, पण ते बरे झाले. मग मित्रांना टोचली.

कॉलरा जिथं खरोखर माणसं मारत होता तिथं लस तपासायची होती. म्हणून १८९३ मध्ये ते कलकत्त्याला आले. सुरुवातीला लोकांनी संशय घेतला, काही ठिकाणी कडाडून विरोध झाला. हाफकिन यांनी जबरदस्ती केली नाही. त्यांनी आधी लोकांसमोर स्वतःला आणि सहकाऱ्यांना टोचून घेतलं. कलकत्त्याच्या वस्त्यांत आणि आसामच्या चहामळ्यांत त्यांनी एकाच वस्तीतल्या लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लोकांची वेगवेगळी नोंद ठेवली. लस काम करते की नाही हे सांगणारा पुरावा त्या नोंदीतूनच उभा राहिला. दोन-अडीच वर्षांत ४० हजारांहून अधिक लोकांना लस टोचून झाली. याच काळात त्यांना मलेरियानं गाठलं आणि उपचारासाठी परत जावं लागलं.

मुंबईत प्लेग, हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. काही आठवड्यांत लोक शहर सोडून पळू लागले. पुढच्याच वर्षी पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचं प्लेगनं निधन झालं. प्लेगच्या नावाखाली होणाऱ्या घरझडत्यांच्या रागातून पुण्यात रँडचा खून झाला, तोही त्याच वर्षी. सरकार आणि लोक यांच्यातला विश्वास किती तुटला होता याची यावरून कल्पना येते.

अशा वातावरणात ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईत पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना छोटीशी जागा मिळाली. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. प्लेगचे जंतू वाढवायला रस्सा लागतो. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही चालेल म्हणून तो बोकडाच्या मटणाचा केला. वर साजूक तुपाचे थेंब सोडले. त्या तुपाला धरून जंतू गुहेतल्या लोंबत्या खडकांसारखे खाली वाढत. मग ते उष्णतेनं मारायचे आणि लस भरायची.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती पुन्हा स्वतःलाच टोचून घेतली, तीही नेहमीपेक्षा मोठ्या डोसमध्ये. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीनं तयार झालेल्या कैद्यांवर चाचणी झाली. ज्यांनी लस घेतली त्यांच्यात प्लेग कमी दिसला. आगाखान यांनी खोजा समाजासमोर स्वतः लस घेतली आणि हाफकिन यांना कामासाठी इमारत दिली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट.

३० ऑक्टोबर १९०२ : मुल्कोवाल

१९०२ पर्यंत प्लेग पंजाबात पसरला होता. तिथल्या सरकारनं मोठी लस मोहीम आखली आणि परळकडं लशीची प्रचंड मागणी आली. कमी वेळात जास्त लस तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी पद्धत बदलली. आधी उष्णतेसोबत कार्बोलिक ॲसिडही घातलं जायचं. नव्या पद्धतीत ते वगळलं आणि भर उष्णतेनं निर्जंतुक करण्यावर ठेवला. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही याच वाटेनं काम चालायचं.

३० ऑक्टोबर रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ लोकांना लस टोचली गेली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. लस पाच बाटल्यांतून दिली गेली. साधारण आठवड्यानं काही जणांचा जबडा आखडू लागला. गिळता येईना. मग पाठ धनुष्यासारखी मागे वाकू लागली. धनुर्वात. एकूण १९ जणांना तो झाला आणि १९ जण दगावले.

हे सगळे १९ जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाटलीवरचा क्रमांक ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या कुणालाही धनुर्वात झाला नाही.

दोष कुणाचा?

सरकारनं चौकशी आयोग नेमला. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे प्रमुख होते. आयोगाचा निष्कर्ष असा की बाटली गावात उघडण्याआधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली होती. कार्बोलिक ॲसिड वगळण्याचा निर्णय हाफकिन यांचा, म्हणून बोट त्यांच्याकडं.

हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं, बिनपगारी रजेवर पाठवलं गेलं. ते लंडनला गेले. डॉक्टर नसलेला, परदेशी, त्यात ज्यू. सरकारी वैद्यकीय खात्यातल्या अनेकांना ते आधीपासूनच खुपत होते. त्यामुळं त्यांची बाजू घेणारे कमीच होते.

इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर प्रश्न साधा होता : फॉल्ट कारखान्यात आला की साइटवर? पाचपैकी एकाच बाटलीत बिघाड होता. मग त्या बाटलीचं वेगळं काय झालं? ते उत्तर चौकशीच्याच कागदांत पडून होतं.

जमिनीवर पडलेला चिमटा

त्या काळी लशीच्या बाटलीला बूच असायचं आणि ते चिमट्यानं उपसून काढावं लागायचं. मुल्कोवालमध्ये ५३-एन उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्यानं तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात हलवून घेतला आणि त्याच चिमट्यानं बूच काढलं.

इथं धनुर्वाताचा जंतू समजून घ्यायला हवा. हा जंतू मातीत, शेणात, धुळीत असतो. परिस्थिती अनुकूल नसली की तो स्वतःभोवती कडक कवच करून झोपी जातो. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. बियाणं जसं वर्षानुवर्षं टिकतं तसंच हे. बीजाणू उन्हानं मरत नाहीत, पाणी थोडा वेळ उकळलं म्हणून मरतील याची खात्री नसते. कार्बोलिकमध्ये क्षणभर बुडवलेल्या चिमट्यावर तर ते आरामात जिवंत राहतात. म्हणूनच दवाखान्यात अवजारं वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर ठेवतात.

दुसरा पुरावा वासाचा होता. ही बाटली गावात उघडण्याच्या ४१ दिवस आधी भरलेली होती. ती तेव्हाच दूषित झाली असती तर इतक्या दिवसांत जंतू भरपूर वाढले असते आणि उघडताच घाण वास आला असता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. म्हणजे बीजाणू आत गेले ते बहुधा त्याच दिवशी, त्या गावच्या जमिनीवरून.

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनं पुरावे तपासले. मलेरिया डासांमुळं होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूनं उभे राहिले. जुलै १९०७ मध्ये रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावर अन्याय झाल्याचं जाहीरपणे मांडलं. त्याच वर्षी सरकारनं त्यांना पुन्हा कामावर घेतलं.

पाच वर्षं गेली होती. हाफकिन कलकत्त्याला परतले, पण नव्या लशींच्या चाचण्या करायला त्यांना परवानगी मिळाली नाही. १९१५ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते निवृत्त होऊन युरोपात गेले. लग्न केलं नव्हतं. शेवटची वर्षं धर्मकार्यात घालवली आणि आपली पुंजी ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं. त्याआधी १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव देण्यात आलं होतं. तोवर तिथून प्लेग लशीचे अडीच कोटींहून अधिक डोस रवाना झाले होते.

नुकसान एकट्या हाफकिन यांचं झालं नाही. मुल्कोवालनंतर पंजाबातली लस मोहीम ढेपाळली. पुढच्या काही वर्षांत तिथं प्लेगनं लाखो लोक गेले.

मग गरोदर मातेशी याचा संबंध काय?

मुल्कोवालच्या १९ जणांना कुठं खिळा रुतला नव्हता. सुईनं पडलेलं बारीकसं छिद्र धनुर्वाताला पुरलं. सासूबाईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. धनुर्वाताला मोठी जखम लागत नाही, मातीला आत शिरायला एक वाट लागते.

बाळाच्या शरीरावर अशी वाट जन्मतःच असते. ती म्हणजे कापलेली नाळ. पूर्वी घरी बाळंतपण व्हायचं. नाळ विळ्यानं, ब्लेडनं, हाताला येईल त्या वस्तूनं कापली जायची. काही घरांत तिच्यावर राख, हळद, शेण लावायची पद्धत होती. आपल्याकडच्या काळ्या मातीत आणि गोठ्यात बीजाणूंना तोटा नाही.

नवजात बाळाचा धनुर्वात ओळखायची खूण अशी : पहिले दोन दिवस बाळ चांगलं रडतं, अंगावर पितं. मग तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या दरम्यान दूध ओढेनासं होतं, तोंड उघडत नाही, अंग ताठ होतं, झटके येतात. उपचार मिळाले नाहीत तर जवळपास प्रत्येक बाळ दगावतं. पाचवी पुजून झाली, सटवाई बाळाच्या कपाळी लिहून गेली असं घर मानायचं, आणि नेमक्या त्याच दिवसांत बाळ जायचं. लोक त्याला नशीब म्हणत. ते नशीब नव्हतं, नाळेतून शिरलेली माती होती.

हे किती मोठं संकट होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ या एका वर्षात जगभरात ७ लाख ८७ हजार नवजात बाळं धनुर्वातानं दगावली. अस्वच्छ बाळंतपणात आईलाही धनुर्वात होऊ शकतो.

सुई आईला, संरक्षण बाळाला : ते कसं?

धनुर्वातात माणसाला मारतो तो जंतूनं सोडलेला विषारी पदार्थ. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये गॅस्टन रॅमन यांनी अशा विषांवर प्रक्रिया करून त्यांचा विषारीपणा काढायची पद्धत बसवली. विष निकामी होतं, पण शरीर त्याला ओळखतं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. टीटी आणि टीडी या लशी याच तत्त्वावर आहेत. त्यात जिवंत जंतू नसतो, त्यामुळं लशीच्या औषधामुळं धनुर्वात होत नाही. हे १९०२ मध्ये उपलब्ध नव्हतं. मुल्कोवालच्या लोकांना वाचवेल अशी धनुर्वाताची लस तेव्हा जगात कुठंच नव्हती.

बाळाला जन्मल्यावर लस दिली तरी प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडे लागतात. धनुर्वात तर पहिल्याच आठवड्यात गाठतो. म्हणून लस आईला द्यायची. तिच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळापर्यंत जातात आणि बाळ संरक्षण घेऊनच जन्माला येतं. सासूबाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही हेच. ही सुई बाळाला इजा करत नाही, ती मुळात बाळासाठीच आहे. दंड दुखणं, थोडी सूज, कधी कणकण, एवढा त्रास होऊ शकतो.

टीटीची टीडी का झाली? टी म्हणजे टिटॅनस, डी म्हणजे डिप्थीरिया, आपला घटसर्प. मोठ्या माणसांमध्येही घटसर्पाविरुद्धची ताकद कमी होत जाते, म्हणून २०१९ पासून देशात एकाच सुईत दोन्ही दिलं जाऊ लागलं.

धनुर्वात तर संपला, मग अजून सुई कशाला?

२०१५ मध्ये भारतानं माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन केल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. पण निर्मूलनाची व्याख्या नीट वाचायला हवी. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे नवजात धनुर्वाताचं प्रमाण एकापेक्षा कमी असणं, म्हणजे निर्मूलन. मोजमाप देशाचं किंवा राज्याचं नाही, जिल्ह्याचं आहे. देशाची सरासरी कितीही चांगली असो, परभणी जिल्ह्याला आपला आकडा स्वतःच राखावा लागतो.

आणखी एक फरक. देवीचा रोग माणसाकडून माणसाला व्हायचा, म्हणून तो जगातून कायमचा गेला. धनुर्वात मातीत राहतो. गोदाकाठची माती काही निर्जंतुक करता येत नाही. शेजारच्या सगळ्या बायकांनी लस घेतली म्हणून न घेतलेल्या बाईला आडोसा मिळत नाही. प्रत्येक आईला, प्रत्येक बाळंतपणासाठी आपलं संरक्षण आपणच घ्यावं लागतं.

आजची बाटली आणि ५३-एन

लसीकरणाच्या टेबलावरची टीडीची बाटली दहा डोसांची असते. मुल्कोवालची भीती आजही कुणाच्या मनात येऊ शकते, म्हणून फरक समजून घ्या.

बाटलीला बूच नसतं, रबरी झाकण असतं. ते उघडत नाहीत, सुईनं टोचून औषध घेतात. सिरिंज एकदा वापरली की आपोआप निकामी होते, दुसऱ्याला टोचताच येत नाही. बाटलीवर उष्णता दाखवणारी खूण असते. खुणेतला चौकोन बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की ती बाटली बाद. लस २ ते ८ अंशांत ठेवतात आणि गोठू देत नाहीत. बाटली वापरायला घेतली ती तारीख आणि वेळ तिच्यावर लिहितात. बॅच क्रमांकाची नोंद ठेवतात. सुई दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात. कुणाला गंभीर त्रास झालाच तर त्याची चौकशी करायला जिल्हा पातळीवर समिती असते.

यातली नोंद सर्वांत महत्त्वाची. कुणाला कुठल्या बाटलीतून लस दिली हे लिहिलेलं होतं, म्हणून १९ जण एकाच बाटलीतले हे कळलं. चिमटा पडल्याची साक्ष नोंदली गेली होती, म्हणून हाफकिन निर्दोष ठरले. नोंद नसती तर एकतर सगळीच लस बदनाम झाली असती किंवा सगळं प्रकरण दाबलं गेलं असतं.

परभणीत साखळी कुठं तुटू शकते?

आईच्या बाबतीत ही नोंद म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. आणि आपल्या भागात कार्ड हरवायला दोन मोठ्या वाटा आहेत.

एक, माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. पहिला डोस सासरच्या गावात होतो, सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, कार्ड सासरच्या कपाटात राहतं. माहेरच्या सिस्टरला पहिला डोस कधी झाला हे कळत नाही.

दोन, ऊसतोड. दसरा-दिवाळीनंतर गंगाखेड, सोनपेठ, जिंतूर भागातली कुटुंबं कोयता घेऊन कारखान्यावर जातात. त्यात गरोदर बायका असतात. फडातच दिवस भरत येतात. विळा, माती, चिपाड, बैल आणि कोपीतला संसार. धनुर्वाताला हवं ते सगळं तिथं असतं. दुसऱ्या डोसाची तारीख मात्र गावच्या आशाताईंच्या वहीत राहून जाते.

लस फुकट आहे. ती राज्यातल्या आणि राज्याबाहेरच्याही कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते, आपल्याच गावात घ्यायची असं बंधन नाही. त्यामुळं निघताना कार्ड सोबत घेणं आणि त्याचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवणं, एवढं केलं तरी बरंच काम होतं.

लक्षात ठेवा

- दिवस गेल्याचं कळताच नाव नोंदवा आणि टीडीचा पहिला डोस घ्या.
- दुसरा डोस चार आठवड्यांनी.
- मागच्या गरोदरपणात दोन डोस झाले असतील आणि त्याला तीन वर्षं झाली नसतील तर एक बूस्टर पुरतो.
- दुसरा डोस किंवा बूस्टर ३६ आठवड्यांच्या आत व्हावा. उशीर झाला तरी टाळू नका, त्यानंतरही देता येतो. आधी एकही डोस झाला नसेल तर कळा सुरू झाल्यावरही देतात.
- बाळंतपण दवाखान्यातच करा. नाळ कोरडी ठेवा. तिच्यावर हळद, राख, तेल, शेण काहीही लावू नका.
- आईची सुई बाळाला पहिल्या काही आठवड्यांपुरतंच संरक्षण देते. दीड महिन्यापासून बाळाचे स्वतःचे धनुर्वाताविरुद्धचे डोस वेळेवर सुरू करा.
- चांगलं पिणारं बाळ अचानक दूध ओढेनासं झालं किंवा ताठ पडलं तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा.

हाफकिन यांना धनुर्वातानं गाठलं ते गावच्या जमिनीवर पडलेल्या एका चिमट्यामुळं, आणि त्यांच्या हातात तेव्हा धनुर्वाताची लस नव्हती. आज आहे. त्यांच्या नावाच्या परळच्या संस्थेनं पुढे धनुर्वाताची लसही बनवली. जिच्या घरात बाळ येणार आहे तिनं आजच कार्ड काढून बघावं, दुसऱ्या डोसाचा रकाना भरलेला आहे का.